पडद्यावरची सवत

झुंबरबाई आपली सवत गळ्यात घालून हिंडायची. चांदीचा टाक होता, पावलीएवढा. त्यावर कामशेतच्या सोनारानं एक बाई ठोकून काढली होती. दोन टिंबं डोळ्यांची, एक रेघ तोंडाची, झालं. बिजवराला दिलेल्या पोरीनं पहिलीचा टाक घालायचा, अशी रीत. कुंकू लावायचं ते आधी टाकाला, मग आपल्या कपाळाला. नवं लुगडं आलं की पदराचं टोक आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. नाहीतर पहिली रागावते. जिवंत बाईची समजूत काढता येते, मेलेलीची कशी काढणार?

झुंबरनं हे सगळं दोन वर्षं बिनतक्रार केलं. सवत असावी तर अशी, असं ती मनात म्हणायची. चुलीत वाटा मागत नाही, भांडत नाही, उणंदुणं काढत नाही.

उणंदुणं काढायला सासू बयाबाई होतीच. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. पहिलीच्या, म्हणजे शालूच्या, भाकरीला पापुद्रा कसा सुटायचा, शालू भाताच्या आवणीला वाकली की चार बायांना मागं कशी टाकायची, हे बयाबाई रोज नव्यानं सांगायची आणि त्याचा शेवट ठरलेला असायचा. "त्या बाजारातनं आली आन् हातरुन धरलं ते धरलंच. आठव्या दिशी गेली. कुना सटवीची नजर लागली माज्या लेकीला!"

हे वाक्य आलं की झुंबर चुलीत जरा जास्तच जोरानं फुंकायची. सासूला वाटायचं, सून कामसू आहे.

पण तिचं खरं दुखणं सासू नव्हती, नवरा होता. नाव हौशीराम, आणि हौस औषधालाही नाही. शिवी नाही, मारझोड नाही, दारू नाही. फक्त तो तिच्याकडं बघायचा नाही. वाढलं की ताटाकडं बघायचा, पाणी दिलं की तांब्याकडं, आणि बोलायचा तो दाराच्या चौकटीशी. एकदा ती ठेवणीतलं लुगडं नेसून त्याच्या समोरून दोनदा गेली, तर त्यानं विचारलं, "म्हस बांदली का?" दोन वर्षं तिचं देवाकडं एकच मागणं होतं. ह्या माणसानं एकदा मान वर करून माझ्याकडं बघावं. मुलं, दागिने, सगळं नंतर.

त्या साली भात कापून खळ्यावर आलं आणि कामशेतला गफूरभाईचा सिनेमाचा तंबू लागला. मुंबईत तेव्हा चित्रं बोलायला लागली होती म्हणे. मावळात अजून मुकीच यायची, आणि त्यांच्या वतीनं गफूरभाई स्वतः हातात काठी घेऊन, पडद्याशेजारी उभा राहून बोलायचा. बैलगाडीवर ढोल वाजवत त्याची माणसं गावोगाव ओरडत गेली, "आपल्या कामशेतचा बाजार पडद्यावर बघा! आपलीच मानसं बघा!"

आणि ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी मुंबईची एक कंपनी लोणावळ्याला बंगला घेऊन राहिली होती. एका बाजाराच्या दिवशी ती मंडळी कामशेतला उतरली, तीन पायांवरची पेटी मांडली आणि छत्रीवाल्या एका नटीला बाजारातून चालवलं. लोकांना वाटलं, सरकारी माणसं जमीन मोजायला आली. त्यामुळं निम्मे पळाले आणि निम्मे आपापल्या पाटीला धरून ताठ उभे राहिले. कुणी कुणाला विचारलं नाही. बाजारात उभ्या असलेल्या पिंपळाला तरी कोण विचारतं?

पहिल्याच दिवशी हौशीराम खेळ बघून आला आणि उंबऱ्यातच बसला. भाकरी खाईना.

"आई," तो म्हणाला, "शालू हाय तितं."

बयाबाईनं छातीवर हात मारला. झुंबरच्या हातातली पळी आमटीत पडली.

"तिकडं नटी चालली आन् हिकडं ही बांगड्या भरती. हालती, बोलती. वर बघती." एवढी वाक्यं तो दोन वर्षांत एका दमात बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो दिवेलागणीच्या आतच निघाला. तिसऱ्या दिवशीही. कोसभर जायचं, कोसभर यायचं, दहा-बारा श्वासांच्या चित्रासाठी. झुंबरच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. टाकातली सवत ती सोसू शकत होती. तिला ना नाक ना डोळे. पण ही हलणारी, वर बघणारी बाई कुठून उपटली? मेली तर मेल्यासारखी राहावी की! सकाळी टाकाला कुंकू लावताना तिनं अंगठा असा दाबला की ती चांदीची बाई वाकायची राहिली.

"कशी दिसती?" तिसऱ्या दिवशी तिनं जेवण वाढताना विचारलं.

"हाय तशीच," हौशीराम ताटाशी बोलला.

"मंजी कशी?"

त्यानं थोडा विचार केला. "हसती," तो म्हणाला.

झालं. त्या एका शब्दानं झुंबर जी जळायला लागली ती विझेना. चौथ्या दिवशी शेजारच्या नंदाबाईला गाठून, अंडी विकायचं निमित्त करून ती कामशेतला गेली आणि तंबूत बायकांच्या बाजूला पुढं जाऊन बसली. मधे एक दोर बांधला होता, पलीकडं पुरुष. गफूरभाईचा भाचा नसीर मागं यंत्राचं हँडल फिरवायला लागला आणि पडद्यावर उजेड पडला.

नटी आली. छत्री उघडून बाजारातून चालली. गफूरभाईनं काठी पुढं केली. "ही राजाची लेक बाजाराला आली बरं का! आन् ही आपली कामशेतची बाई बघा. राजाच्या लेकीचं तिला काय बी कौतिक न्हाई, तिला कौतिक बांगड्यांचं!"

कासाराच्या पुढ्यात उकिडवी बसलेली शालू पडद्यावर होती, जिवंत बाईएवढी मोठी. झुंबरनं आधी एवढंच बघितलं की दात पुढं आहेत. तिला फार बरं वाटलं. मग शालूनं मान वर केली, लाजली, पदर दातात धरला आणि हसली. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी शीळ घातली. सगळा तंबू हसला.

झुंबरनं दोरापलीकडं बघितलं. हौशीराम दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून देवळात बसल्यासारखा बसला होता. शीळ त्याला ऐकूच आली नसावी. त्याची मान वर होती आणि तो हसत होता. हा माणूस हसतो तेव्हा त्याच्या गालाला खळी पडते, हे त्याच्या लग्नाच्या बायकोला त्या दिवशी तंबूत कळलं. तिला वाटलं, उठावं आणि त्या पडद्याची लक्तरं करावीत.

ती रागानं परत पडद्याकडं वळली, आणि तेव्हा तिला ती पोर दिसली.

शालूच्या खांद्यामागं, डोक्यावर पाटी घेतलेली एक पोर उभी होती. आपलं तोंड झुंबरला चटकन ओळखू आलं नाही. वराळ्याला तिच्या बापाच्या घरी आरसा होता तळहाताएवढा. त्यात एका वेळी एकच गाल मावायचा. पण ती पाटी बापाची होती, आणि ते लुगडं आईचं. ती पोर डोळ्याची पापणी न हलवता समोर बघत होती, उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं बघतो तशी.

तिला सगळं आठवलं. म्हणजे विसरली ती कधीच नव्हती. बापाबरोबर ती त्या बाजाराला आली होती. कासारापुढं एक बाई, आणि पेटीवाल्यांनी बाजूला सारलेला तिचा नवरा त्या पेटीच्या शेजारी उभा. तिथून तो बायकोची काहीतरी थट्टा करत होता, ती हसत होती. आणि वराळ्याची झुंबर त्याच्याकडं बघत मनाशी म्हणाली होती, 'मला हाच पायजे.' असाच नाही. हाच. आठव्या दिवशी ती बाई मेली. वर्षाच्या आत मध्यस्थ वराळ्याला आला, तेव्हा बापानं विचारायच्या आधीच पोरगी 'व्हय' म्हणाली.

तिच्या पोटातलं पाप असं उन्हात पडलं होतं, झाकायची सोय नाही. शालू हसत होती हौशीरामाकडं बघून, आणि तिच्या पाठीमागून तीही बघत होती हौशीरामाकडंच. बाजारात हजार माणसं होती, एकालाही ती नजर कळली नव्हती. त्या मेल्या पेटीला मात्र कळली. आणि आता ती तिकीट काढून कुणीही बघावी! चोराच्या मनात चांदणं म्हणतात. झुंबरच्या मनात भर दुपार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तंबूवर गेली. गफूरभाई दोर ताणत होता.

"भाऊ, त्यो बाजाराचा तुकडा कापून टाका," ती म्हणाली. "पाया पडते."

"चित्र माजं न्हाई, बाई. भाड्यानं आनलंय. बोटभर कापलं तर मालक माजी चामडी सोलंल."

"आमाला कुनी इचारलं हुतं का, काडू का म्हनून?"

गफूरभाईनं दोर सोडला. ती कुणाच्या घरातली हे त्याला एव्हाना कळलं होतं. "न्हाई इचारलं, खरं हाय," तो म्हणाला. "मी बी चार दिस त्या बाईची चेष्टा केली. आता न्हाई करनार. आज खेळ न्हाई, उद्याचा शेवटचा. परवा तंबू लोनावळ्याला."

उद्याचा एकच खेळ. तेवढा एक निभावला की सुटले, असं म्हणत ती घरी आली, तर बयाबाई ओटीचं ताट घेऊन बसलेली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू.

"उद्या मी बी येनार," सासू म्हणाली. "माज्या लेकीला डोळं भरून बघते आन् वटी भरते."

"पडद्याला कुटं वटी भरत्यात, आत्याबाई?"

"का? देवाच्या फोटूला निवद दावतो न्हवं?"

झुंबर ताटातला करंडा पुसायला लागली. बयाबाईची नजर अशी की चिमणीच्या उजेडात तांदळातला खडा टिपायची. शालूला बघून तिचं पोट भरणार नव्हतं. ती शालूच्या मागचं, पुढचं, आजूबाजूचं सगळं टिपणार होती. आणि सटवीचं तोंड सापडलं की त्याच रात्री झुंबर वराळ्याच्या वाटेला. नवरा तर काय, चौकटीशीच बोलणार.

झुंबरनं ठरवलं, नटीची छत्री दिसली की आपण कुंकवाचा करंडा सांडायचा. म्हातारी कुंकू गोळा करायला वाकेल, तेवढ्यात चित्र जाईल.

पण देव दुसऱ्याचंही ऐकतो. छत्री दिसली, झुंबरनं करंडा सांडला, आणि बयाबाई त्याच्याकडं न बघता ताट घेऊन उठली आणि थेट पडद्याकडं चालायला लागली. आणखी चार पावलांवर ती त्या पाटीवाल्या पोरीच्या नाकासमोर उभी राहिली असती. झुंबर धावली. सासूला ओलांडून पुढं गेली, पडद्याला पाठ लावली आणि दोन्ही हातांनी पदर पसरून उभी राहिली.

डोळ्यांत यंत्राचा झोत आला, तिला काही दिसेना. लोकांना मात्र दिसलं. शालू मान वर करत होती, आणि तिचं तोंड बरोबर झुंबरच्या तोंडावर पडलं. डोळ्यांवर डोळे, ओठांवर ओठ. झुंबरचं तोंड भीतीनं आ वासलेलं, आणि त्यावर शालू हसत होती. नसीरनं आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. त्याचा हँडलवरचा हात थांबला. यंत्राची फीत थांबली की दिव्याची धग तिला खाते. शालूच्या ओठांशी एक तपकिरी डाग उमटला, फुगला, आणि बघता बघता सगळं तोंड जळून पांढरा उजेड उरला. नसीरनं शिव्या घालत फीत ओढली, पायाखाली विझवली. कुणीतरी बत्ती आणली.

पडद्यावरची शालू गेली होती, आणि जिथं ती होती तिथं झुंबर उभी होती, नखशिखांत थरथरत.

"अंगात आली!" नंदाबाई किंचाळली. "शालू आली गं अंगात!"

झुंबर थरथरत होती ती पळायला वाट नव्हती म्हणून. पण अंगात आलेली बाई आणि घाबरलेली बाई वरून सारखीच दिसते. बयाबाईनं ताट खाली ठेवलं, तिच्या कपाळाला कुंकू फासलं आणि पायांवर डोकं ठेवलं.

"आलीस व्हय माजे बाई? बोल, काय मागनं हाय तुजं? कुनी नजर लावली तुला? नाव सांग तिचं!"

सगळा तंबू पुढं सरकला. झुंबरला एकदम उमगलं की आता आपण बोलू ते शालूचं बोलणं.

"कुनाची न्हाई," ती म्हणाली. आवाज कापत होता, ते बरंच झालं. "ताप आलता. तापानं गेले. कुनाला बोल लावू नगा."

बयाबाई हुंदके द्यायला लागली. झुंबरनं पुरुषांच्या बाजूला मान वळवली. पुढचं बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं. "आन् मला असं बघू नगा समदी. मला कुनी इचारलं न्हवतं."

शीळ घालणाऱ्यानं मान खाली घातली. गफूरभाईनं काठी बगलेत मारून कानाला हात लावला. आणि दोर उचलून हौशीराम अलीकडं आला. तो तिच्यापुढं उभा राहिला आणि त्यानं मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचे डोळे तिच्या डोळ्यांत आले, आणि पाण्यानं भरले.

"शालू?" तो म्हणाला.

खरं सांगायला एक क्षण होता. पण असं बघणारा माणूस समोर असताना 'मी ती नव्हे' कोण म्हणेल? तुम्ही म्हणाल, मी म्हणेन. झुंबरनं दोन वर्षं चौकटीशी संसार केला होता.

"व्हय," ती म्हणाली.

तंबू लोणावळ्याला गेला, हातभर फीत कमी घेऊन. इकडं घराचा नूर पालटला. बयाबाई भाकरीला नाव ठेवीना. हौशीराम दिवसभर बायकोकडं बघायला लागला. खळ्यावरून येता येता हाका मारायचा, खळी पाडून हसायचा, बैलाच्या, बांधाच्या, कुणाकुणाच्या गमती सांगायचा. हाक 'शालू' अशी असायची, पण ओ देणारी झुंबर होती. पदरी पडलं पवित्र झालं. नावात काय, असं म्हणून तिनं ते सुख दोन्ही हातांनी ओढून घेतलं, आणि हळूहळू त्या नावाला तिची मान आपोआप वळायला लागली.

आठव्या दिवशी दुपारी ती खळ्यावर भाकरी घेऊन गेली. पेंढ्याच्या सावलीला दोघं बसली. हौशीरामानं तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ बोटं नुसती चाळवत राहिला.

"शालू, एक इचारू का? रागवायचं न्हाई."

"इचारा की."

"ती झुंबर... तू आलीस की ती कुटं जाती?"

तिनं मोकळ्या हातानं भाकरीचं फडकं पुढं ओढलं. "आसंल हितंच कुटंतरी. तुमाला काय करायचंय?"

"तसं न्हाई," तो म्हणाला. "पर गरीब हाय बिचारी. दोन सालं आईचं समदं सोसती, कदी उलटून बोलली न्हाई. आन् मी तिच्याकडं कदी बघितलं बी न्हाई. गळ्यात तुजा टाक. मला वाटायचं, मी मान वर केली की तू बघतीस. तुला राग यील, आन् त्या पोरीचं काय वाईट झालं तर? म्हनून बघायचो न्हाई." त्याचा आवाज मऊ झाला. "ती हसती कशी, ते बी ठाव न्हाई मला. आता तू आलीच हाईस तर तुलाच इचारतो. तुजी परवानगी आसंल तर तिच्याकडं बघीन म्हनतो."

दोन वर्षांचं मागणं समोर येऊन बसलं होतं. नुसतं 'बघा' म्हणायचं होतं. पण ती आठ दिवस शालू होती. आठ दिवस हा माणूस तिचा, एकटीचा होता. आणि आता तिचाच हात हातात धरून, इतक्या मऊ आवाजात, हा दुसरीचं नाव घेतो? गरीब म्हणे! बिचारी म्हणे! कोण लागून गेली ही झुंबर? तिचं अंग पायापासून टाळूपर्यंत पेटलं, आणि डोक्याच्या आधी तोंड धावलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आजाबात बघायचं न्हाई तिच्याकडं."

शब्द गेला, आणि मग तिला कळलं आपण कुणाला नाही म्हटलं ते.

"बरं," हौशीराम म्हणाला. "तुला नगं, तर न्हाई." त्यानं कांदा मुठीनं फोडला आणि त्यातला मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला.